तिसरा साक्षीदार

विवाह दोघांचा की सर्वांचा, हा प्रश्न जुनाच आहे. आपल्या पूर्वजांनी त्याचे उत्तर शब्दांत न देता एका वस्त्रात देऊन ठेवले. अंतरपाट धरला जातो तेव्हा सारा मांडव वधूवरांना पाहत असतो. ती दोघे तेवढी एकमेकांना पाहू शकत नाहीत. मंगलाष्टके संपतात, अक्षता पडतात, अंतरपाट दूर होतो आणि समाजाने आधी पाहून घेतलेले माणूस मग आपले म्हणून पाहावयास मिळते. अलीकडे याच क्षणी आणखी एक पडदा उभा राहतो. तो छायाचित्रकारांच्या पाठींचा असतो. वऱ्हाडी मंडळींना वधूवर दिसत नाहीत, पण वधूवर पुढे कसे दिसतील याची तरतूद मात्र चोख होते. उपाध्यायांनाही ‘जरा थांबा, पुन्हा एकदा हार घालू द्या’ असे सांगितले जाते आणि ते बिचारे थांबतात. विवाहाचा खरा पुरोहित कोण, हे अशा वेळी वेगळे सांगावे लागत नाही.

हौशी छायाचित्रकार म्हणून या प्रकारास मी मनातल्या मनात पुष्कळ नावे ठेवीत आलो होतो. परंतु नावे ठेवणे आणि स्वतः कॅमेरा हातात घेऊन एखाद्याच्या खाजगी सुखासमोर उभे राहणे, यांत अंतर आहे. ते किती आहे, हे भिलाईच्या नेहरू नगरातील एका लहानशा विवाहाने मला दाखविले. त्या विवाहाची हकीकत सांगणे हा या लेखाचा हेतू नव्हे. तिने उभा केलेला प्रश्न माझ्या मनातून अद्याप जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

नेहरू नगर ही पोलाद कारखान्याच्या सेक्टरांबाहेरची, हमरस्त्याला लागून असलेली वसाहत. सेक्टरांतील घरे कारखान्याची. येथील घरे माणसांची स्वतःची. नोकरीनिमित्त येऊन येथेच स्थिरावलेल्या निरनिराळ्या प्रांतांच्या कुटुंबांत काही मराठीही आहेत. नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते, त्याच प्रांतात 1956 पर्यंत हा मुलूख मोडत असे. त्यामुळे वऱ्हाडातून आलेल्या माणसाला येथे अगदीच परके वाटत नाही. अशाच एका स्नेह्याच्या मुलीचे लग्न होते. माणसे सगळी मिळून 19. महिना पौषाचा, संक्रांतीच्या आधीचा आठवडा. म्हणजे मुहूर्ताचा प्रश्नच मिटलेला. सकाळी दुर्ग येथे नोंदणी आणि सायंकाळी घराच्या अंगणात जेवण, एवढाच समारंभ. आणि वधू काळी साडी नेसणार होती.

शिक्षणाच्या निमित्ताने बाहेर राहिलेल्या या मुलीला ‘गॉथिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेषाची आणि संगीताची ओढ होती. हा शब्द ऐकून आपल्यापैकी बहुतेकांना मुंबईचे बोरीबंदर किंवा राजाबाई टॉवर आठवेल आणि ते आठवणे चुकीचे नाही. मूळ शब्द एका जर्मन जमातीच्या नावाचा. नवजागरणाच्या काळातील इटालियनांनी मध्ययुगीन उंच कमानींच्या वास्तुकलेला हिणविण्यासाठी तो वापरला. पुढे 1764 मध्ये हॉरेस वॉलपोलने ओसाड किल्ला, अंधार आणि शाप यांची एक कादंबरी लिहिली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिला ‘गॉथिक कथा’ म्हटले. 1980 च्या आगेमागे इंग्लंडमधील काही तरुण गायक-वादकांनी व त्यांच्या चाहत्यांनी काळा पोशाख, चांदीचे दागिने आणि एक प्रकारचा विषण्ण नखरा आपलासा केला, तेव्हा तोच शब्द त्यांना चिकटला. हिणविण्यासाठी दिलेले नाव माणसे पुढे अभिमानाने मिरवू लागतात, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

मुलीने मात्र परदेशी झगा आणला नव्हता. तिने काळी चंद्रकळा निवडली होती. तिच्यावर चांदीचे दागिने, केसांत गडद तांबडे गुलाब, अंगणात विजेच्या माळांऐवजी समया आणि पणत्या. मी तिला विचारले, “काळेच का?” ती म्हणाली, “काका, मला काळ्यात माझ्यासारखं वाटतं. लग्नाच्या दिवशी तरी मी माझ्यासारखी दिसायला नको का?” या उत्तरावर वाद घालता येण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते उत्तर खोटे नव्हते.

आपल्याकडे काळा रंग मंगलकार्यात वर्ज्य, असे आपण म्हणतो खरे. परंतु जरा आठवून पाहावे. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला तिला काळी चंद्रकळा नेसवून वर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने घालतो, ते आपणच. सौभाग्याचे मुख्य चिन्ह जे मंगळसूत्र, ते काळ्या मण्यांचे. तान्ह्या मुलाच्या गालाला तीट लावतो ती काळी. काळ्या रंगाने दृष्ट परतते, अशी जुन्या माणसांची समजूत. म्हणजे काळे अशुभ आहे म्हणून नव्हे, तर अशुभाला अडवते म्हणून ते आपण जवळ बाळगतो. रंगाला स्वतःचा असा अर्थ नसतो. त्याला अर्थ देतो तो प्रसंग. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने 10 फेब्रुवारी 1840 रोजी पांढऱ्या पोशाखात लग्न केले आणि पुढे पाश्चात्त्य वधूचा रंग पांढरा ठरला. 1861 मध्ये पती वारल्यावर तिने काळा वेष धारण केला तो 1901 मध्ये मरेपर्यंत, आणि शोकाचा रंग म्हणून काळ्याची प्रतिष्ठा वाढली. आपल्याकडे मात्र शुभ्र पातळ विधवेच्या वाट्याला आले होते. दोन्ही समाज आपापल्या जागी ठाम, आणि दोघांनाही आपला रंग निसर्गदत्त वाटत आलेला!

याच राणीच्या लग्नाविषयी आणखी एक गोष्ट आपल्या प्रश्नाशी निगडित आहे. छायाचित्रणाचा शोध 1839 मध्ये जाहीर झाला होता, तरी या विवाहाचे छायाचित्र कोणी घेतले नाही. 14 वर्षांनंतर, 1854 मध्ये, रॉजर फेंटनने राणीची आणि तिच्या पतीची दरबारी पोशाखातील छायाचित्रे घेतली. पुढे लोक त्यांनाच लग्नाची छायाचित्रे समजू लागले. लग्न झाले होते याविषयी कोणाला शंका नव्हती. तरीही लोकांना चित्र हवे होते. पुरावा नको असतानाही चित्र हवेसे वाटते, त्या अर्थी चित्राचे काम केवळ पुराव्याचे नसावे.

मग ते कशाचे असते? माझ्यापुरते उत्तर असे की, छायाचित्र हे गैरहजर माणसांसाठी असते. जे त्या वेळी नव्हते, जे दूर होते, जे अजून जन्मले नाहीत, त्यांना दिलेले ते उशिराचे आमंत्रण होय. आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसांना हे समजावून सांगावयास नको. भावाच्या मुंजीची, चुलतबहिणीच्या लग्नाची हकीकत आपल्यातील कित्येकांपर्यंत पोहोचली ती टपालाने आलेल्या चित्रांतूनच.

मोजक्या माणसांच्या, रूढीबाहेरच्या विवाहाला तर या उशिराच्या आमंत्रणाची गरज अधिक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा विवाह 15 एप्रिल 1948 रोजी नवी दिल्ली येथे, बाबासाहेबांच्या निवासस्थानी, नोंदणी पद्धतीने झाला. देशाचे कायदामंत्री, पण मांडव नाही, वऱ्हाड नाही. निवडक मंडळींसमोर सह्या झाल्या. मुलुखापासून इतक्या दूर, इतक्या थोड्या माणसांत झालेल्या विवाहातील ते दांपत्य पुढे अगणित लोकांच्या परिचयाचे झाले, त्यात छायाचित्रांचा वाटा मोठा आहे. 1873 मध्ये सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून विवाह लावावयास सुरुवात केली. तेव्हाही पुरोहित वगळला गेला. साक्षी असलेला समाज वगळला गेला नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानेही धर्मविधीची सक्ती ठेवली नाही, अग्नी मागितला नाही, मुहूर्त मागितला नाही; पण तीन साक्षीदार मागितलेच. दोन माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द ऐकणारे तिसरे कोणी तरी असावे, याविषयी सनातनी आणि सुधारक यांचे मतभेद नाहीत.

दुर्ग येथील त्या नोंदणीत वराचा भाऊ, वधूची मावशी आणि मी असे तीन साक्षीदार होतो. तिसरी सही माझी. सायंकाळी त्याच हाताने मी कॅमेरा उचलला, तेव्हा मला वाटले की हे सकाळच्याच कामाचे पुढचे पान आहे. तसे ते नव्हते. सही करणारा साक्षीदार घडलेल्या गोष्टीला मान देतो आणि बाजूला होतो. छायाचित्रकार घडणाऱ्या गोष्टीतून काही तरी उचलून घेतो. उपनिषदांत एकाच वृक्षावरील दोन पक्ष्यांचे रूपक आहे. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. कॅमेरा हातात असलेल्या माणसाला आपण दुसरा पक्षी आहोत असा भ्रम होतो. वस्तुतः तोही फळ खातच असतो. फक्त नंतर खाण्यासाठी साठवून ठेवतो.

वधूवरांनी एकच अट घातली होती. जेवणाआधी दोघे एकमेकांना लिहून आणलेला मजकूर वाचून दाखविणार होती. त्या वेळी चित्र घ्यायचे नाही. मी ते मान्य केले होते. समयांच्या उजेडात ती वाचू लागली, तिचा कंठ दाटला आणि कागद थरथरला. प्रकाश असा होता की गेल्या वीस वर्षांत मला तसा लाभला नव्हता. माझा हात आपोआप वर गेला. तिने पाहिले, रागाने नव्हे, नुसते पाहिले. मी कॅमेरा खाली घेतला. रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाने 1980 मध्ये छायाचित्रणावर पुस्तक लिहिले. आईच्या मृत्यूनंतर सापडलेले तिच्या बालपणीचे एक चित्र हा त्या पुस्तकाचा गाभा आहे, पण नेमके तेच चित्र त्याने छापले नाही. इतरांना त्यात एक सामान्य मुलगी दिसली असती. त्याची आई फक्त त्यालाच दिसणार होती. काही गोष्टी दाखविल्याने कमी होतात. दादासाहेब फाळके बडोद्यास छायाचित्रणाचा धंदा करू लागले, तेव्हा कॅमेरा माणसाचे आयुष्य शोषून घेतो या समजुतीने गिऱ्हाईक येत नसे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आपण या भयाला हसतो. त्या सायंकाळपासून मी तितकासा हसत नाही.

खरी कसोटी मात्र पुढेच होती. मुलीची आजी, म्हणजे माझ्या स्नेह्याच्या मातोश्री, वय वर्षे 86, अमरावतीजवळच्या गावी असतात. त्यांना लग्नाचे कळविले नव्हते. बडनेऱ्याहून दुर्गपर्यंतचा रात्रीचा प्रवास त्यांना झेपणार नाही, हे सांगावयाचे कारण. काळ्या साडीतील नात पाहून त्यांना धक्का बसेल, हे खरे कारण. सगळे आटोपल्यावर कळवावे आणि सोबत चित्रे पाठवावीत, असे ठरले होते. चार दिवसांनी स्नेही माझ्याकडे आला आणि संकोचत म्हणाला, “आईला पाठवायची तेवढी दोन-तीन चित्रे रंगीत नकोत. कृष्णधवल कर, म्हणजे साडी काळी आहे की तांबडी ते कळणार नाही. नाही तर तुझ्या त्या यंत्रावर साडीचा रंगच बदलता येत असेल तर पाहा.”

दोन्ही गोष्टी सहज शक्य होत्या. साडी तांबडी करणे मला लगेच अप्रामाणिक वाटले. कृष्णधवल करण्यात मात्र काही गैर आहे, असे वाटेना. किंबहुना त्यास आधारही सापडला. पूर्वीच्या काचेच्या छायाचित्रपट्ट्यांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. त्या निळ्याला आणि पुढे हिरव्याला दाद देत, पण तांबडे तेवढे काळे उमटे. आपल्या पणज्यांच्या जुन्या चित्रांत कुंकू काळे दिसते ते यामुळेच. पुढे सर्व रंगांना दाद देणाऱ्या फिल्म आल्या, तरी गडद तांबडा शालू त्यांतही काळपटच दिसे. स्नेह्याच्या घरी त्याच्या आईवडिलांचे 1958 सालचे लग्नाचे छायाचित्र होते. त्यातील वधू पाहिली, तर नातीइतकीच काळ्या वस्त्रात! त्या शालूला कोणी अशुभ म्हटले नव्हते. कृष्णधवल चित्र जर आजीला चालते, तर नातीला का चालू नये? एवढेच की, आजीच्या चित्रात काळे म्हणजे तांबडे होते, आणि नातीच्या चित्रात आजीने काळ्याला तांबडे समजावे, अशी आमची इच्छा होती.

येथे मी अडखळलो. खोटे हे चित्रात नसून हेतूत असते. तेच कृष्णधवल चित्र सौंदर्यासाठी केले तर निर्दोष आणि लपविण्यासाठी केले तर सदोष. पण यावर कोणी म्हणेल, आणि माझा स्नेही तसे म्हणालाही, की 86 वर्षांच्या माणसाला दुःख देऊन मिळणारे सत्य काय कामाचे? या युक्तिवादात दम आहे. दयेपोटी झाकलेली गोष्ट आणि भीतीपोटी झाकलेली गोष्ट यांत फरक करावा लागतो, आणि आपण नेहमी दुसरीला पहिलीचे नाव देतो. आम्ही आजीला दुःखापासून वाचवीत होतो की स्वतःला तिच्या बोलण्यापासून, याचे प्रामाणिक उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

आणि चित्रांवर अधिकार तरी कोणाचा? 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, अन्यथा करार नसेल तर, तो काढवून घेणारा. मी पैसे घेतले नव्हते; म्हणजे कायद्याने ती चित्रे माझी. कायद्याचे हे म्हणणे मला इतके विपरीत पूर्वी कधी वाटले नव्हते. तिचा चेहरा, तिची चंद्रकळा, तिचे सुख, आणि मालक मी! सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पण स्नेहसंबंधात हक्कांच्या भाषेने निकाल लागत नसतो. मी स्नेह्याला म्हटले, “चित्र माझेही नाही आणि तुझेही नाही. जिचे आहे तिला विचारू.”

मुलीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “रंगीतच पाठवा. मी काळं नेसले ते लपवायला नव्हे.” मग थोड्या वेळाने, हलक्या आवाजात, “आजीला आधी सांगायला हवं होतं. मी बाबांवर टाकून मोकळी झाले.”

चित्रे गेली. आठवड्याने आजींचा फोन आला तेव्हा मी योगायोगाने तेथेच होतो. साडीविषयी त्या फारसे बोलल्याच नाहीत. “काळ्याचं काय एवढं? संक्रांतीला मीच तिला चंद्रकळा घेऊन देणार होते, तुम्ही आठ दिवस आधी नेसवलीत.” मग त्यांनी विचारले, अशा लग्नाला भटजी नसतो तर मग ते पक्के कसे होते? मुलाने सांगितले की कायद्याला तीन साक्षीदार लागतात. पलीकडे काही वेळ कोणी बोलले नाही. नंतर त्या म्हणाल्या, “तीन लागतात ना? मग त्या तिघांत मी का नव्हते?”

या प्रश्नास स्नेह्याकडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडे तर नव्हतेच; कारण तिसरी सही माझी होती. तोपर्यंत मी चित्राच्या रंगाचा, त्यातील सत्याचा आणि मालकीचा विचार करीत होतो. रिकाम्या राहिलेल्या जागेचा विचार मी केला नव्हता. मोजक्या माणसांचा विवाह म्हणजे मोजण्याचे काम आलेच. आणि मोजताना कोण राहिले, हे मोजणाऱ्याला सहसा दिसत नाही. 2020 साली महामारीच्या नियमांनी लग्नातील माणसे 50 वर आणली, तेव्हा राहिलेल्यांनी दोष दिला तो सरकारला. येथे संख्या आम्हीच ठरविली होती. छायाचित्र हे गैरहजर माणसांना दिलेले उशिराचे आमंत्रण, असे मी वर म्हटले. आता त्यात एवढी पुस्ती जोडतो की, जो येऊ शकत नव्हता त्याला ते आमंत्रण वाटते. ज्याला बोलाविलेच नाही, त्याला त्या चित्रात स्वतःची अनुपस्थितीच पाहावी लागते. चित्र जितके चांगले, तितकी ती अधिक स्पष्ट दिसते.

कारखान्यात भट्टीच्या आत डोकावताना कामगार डोळ्यांपुढे निळी काच धरतात. नुसत्या डोळ्यांनी ती आग पाहवत नाही. कॅमेऱ्याची भिंग मला कित्येकदा तशी वाटते. माणसांच्या सुखाची आणि अपराधाची धग त्यामुळे सुसह्य होते खरी. पण काचेमागे उभा असलेला माणूस त्या आगीपासून वेगळा आहे, असे मात्र होत नाही.

पुढे फाल्गुनात मुलगी आणि जावई आजींना भेटावयास गेली. मला त्यांनी कॅमेऱ्यासह येण्याचा आग्रह केला. मी गेलो नाही.